पितळी पक्ष्याचे गुणदोष

लुब्वामा मास्तरांच्या मते जगात अशी एकही गोष्ट नव्हती, जिचे पाच गुण आणि पाच दोष निघणार नाहीत. मसाक्याच्या शाळेत चौतीस वर्षं साहित्य शिकवताना त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न कपडे बदलून लिहिला: गुणदोष सांगा, सोदाहरण स्पष्ट करा, मार्क वीस. कधी राजाचे, कधी नाटकाचे, कधी नुसत्या एका वादळाच्या वर्णनाचे. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी बायकोच्या हातच्या मटोकेचेही सांगितले होते. केळी मऊ, पान ताजं, वाफ पुरेशी, असे पाच गुण निर्विघ्न पार पडले. दोषांपैकी दुसऱ्याचं उदाहरण देत असताना समोरचं ताट गेलं, ते तीन दिवसांनी परत आलं. तेव्हापासून घरातल्या वस्तूंचे ते फक्त गुण सांगत.

पुढे जुळी झाली. जुळ्यांचा बाप म्हणून गाव त्यांना सालोंगो म्हणू लागलं आणि त्यांच्या बायकोला नालोंगो. शिकलेले लोक मास्तर म्हणत. ज्यांना त्यांनी नापास केलं होतं ते काहीच म्हणत नसत, रस्ता बदलत.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांना कुणीही, कशाबद्दलही, मत विचारलं नव्हतं. चर्चमध्ये नवा पंखा बसला, विचारलं नाही. शाळेने गणवेशाचा रंग बदलला, विचारलं नाही. म्हणून गावच्या रेडिओ केंद्राची व्यवस्थापक नामुद्दू, जी एकेकाळी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, दारात येऊन उभी राहिली तेव्हा मास्तरांनी आधी कोट घातला आणि मग तिला आत बोलावलं.

"शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा," नामुद्दू म्हणाली. "तुम्ही बोलायचं, लोकांनी फोन करायचे. दोन शनिवार बघू. जमलं तर ती वेळ कायमची तुमची. नाही जमलं तर कंबरदुखीवरच्या औषधी सालीबद्दल बोलायला एक वैद्यबुवा टपलेलेच आहेत."

"विषय?"

"गुणदोष. तुमचाच."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर तीन शोकांतिका आणि एक महाकाव्य तरळून गेलं. "कुठल्या ग्रंथाचे?"

"पितळी पक्षी, भाग दुसरा," नामुद्दू म्हणाली. "हाजींच्या व्हिडिओ हॉलमध्ये तीन आठवडे चाललाय. गावात दुसरा विषय नाहीये, मास्तर."

मास्तर आयुष्यात कधी व्हिडिओ हॉलमध्ये गेले नव्हते. उलट चौतीस वर्षं त्यांनी तिथून पोरांना कान धरून बाहेर काढलं होतं, तेही पडद्याकडे पाठ करून. पण तीन वर्षांची साठलेली मतं आतून ढुशा देत होती. "येईन," ते म्हणाले. "मात्र न्याय होईल. भीड चालणार नाही."

ही बातमी नामुद्दूच्या आधी गल्लीत पोचली. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. एरवी मास्तरांना सल्ला द्यायला कुणी धजत नसे. आता जो तो देऊ लागला, आणि सगळ्यांचा सल्ला एकच.

"हॉलमध्ये कशाला जाता, सालोंगो?" समोरची शिंपीण मशीन थांबवून म्हणाली. "मी सांगते ना गोष्ट. पक्षी उडतो, इमारत पडते, पक्षी जिंकतो. लिहून घ्या."

"जाणारच असाल तर मागे बसा," कोपऱ्यावरचा बोडावाला आपली भाड्याची मोटरसायकल पुसत म्हणाला. "अगदी मागे, खांबाआड. आणि खलनायक आला की जरा बाहेर पाय मोकळे करायला या. त्याच्यात काही दम नाही, सेबो." सेबो म्हणजे साहेब.

एका निवृत्त शिक्षकाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून गाव किती जपतं, या विचाराने मास्तरांना भरून आलं. त्यांनी पुढच्या बाकावर बसायचं ठरवलं.

घरी नालोंगो भुईमूग कुटत होती. "पहिला भाग न बघता दुसरा कळेल का तुम्हाला?" तिने विचारलं.

"दुसऱ्याला पहिल्याची कुबडी लागत असेल, तर तो दोष क्रमांक एक," मास्तर म्हणाले. "पण पहिला भाग असतो हे तुला काय ठाऊक?"

"मी दोनदा बघितलाय."

"केव्हा?"

"मातृसंघाच्या बैठका असतात ना गुरुवारी," नालोंगो म्हणाली आणि मुसळ जोरात चालवू लागली.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मास्तर टाय बांधून, वही घेऊन हॉलमध्ये शिरले. आत लाकडी फळ्यांचे बाक, पुढे एक टीव्ही, दोन कपाटाएवढे स्पीकर आणि कोपऱ्यात माइक घेऊन बसलेला व्हीजे. सिनेमा इंग्रजी, व्हीजेने त्याचा आवाज बारीक करून आपल्या लुगांडा भाषेत सगळं सांगायचं, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचे, अशी पद्धत. हा व्हीजे स्वतःला व्हीजे तुफान म्हणवून घेई. मास्तर आत आलेले दिसताच तुफानच्या हातातला माइक खाली पडला आणि स्पीकरमधून असा आवाज आला की बाहेरची शेळी दोर तोडून पळाली.

नोव्हेंबर होता, म्हणजे नाकतोड्यांचे दिवस. प्रत्येकाच्या हातात तळलेल्या नाकतोड्यांचा पुडा. कुरकुर चाललेली. हॉलचे मालक हाजी कायोंगो लगबगीने पुढे आले. "सालोंगो, आज तुफानचा घसा बसलाय. उद्या या."

"मी आजच ऐकणार," मास्तर म्हणाले आणि पुढच्या बाकावर मधोमध बसले.

घसा बसलेला असूनही तुफानने सुरुवात चांगली केली. मास्तरांना पहिल्या दहा मिनिटांतच वही पुरेना. नायक दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि संकट आलं की पितळी पिसं चढवून उडतो. तो पक्षी म्हणजे तुफानच्या निवेदनानुसार डोक्यावर मुकुट असलेला क्रौंच, म्हणजे प्रत्यक्ष आपला राष्ट्रीय पक्षी. नायकाची आई त्याला फोन करून विचारते की मटोके खाल्लंस का, की तसाच जग वाचवायला निघालास. आणि मग आला खलनायक, प्राध्यापक ग्रहण. तोंडावर लोखंडी मुखवटा, हातात एक बटण, ते दाबलं की सगळ्या शहराचे दिवे जातात.

तुफान क्षणभर गप्प झाला. हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "बोल की लेका."

तुफानने डोळे मिटले आणि बोलला. प्राध्यापक ग्रहण आधी खोकला, एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाला, "उभा राहा. हात खिशातून काढ. तू जग वाचवतोस म्हणजे नेमकं काय करतोस? उदाहरण दे."

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. नाकतोडे हवेत उडाले. नायक मुठी आवळून काहीतरी म्हणाला, त्यावर प्राध्यापक म्हणाला, "प्रश्न काय होता? उत्तर काय देतोस?" लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते आणि दर वाक्यागणिक मास्तरांकडे पाहत होते. मास्तरांनी वहीत नोंद केली: 'खलनायकाच्या प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षक माझ्याकडे पाहतात. संमती घेत असावेत.' आणि त्यांनी दर वेळी मान डोलावून ती दिली.

शेवटी नायकाने प्राध्यापकाला घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली फेकलं. पडता पडता प्राध्यापक तीनदा खोकला आणि म्हणाला, "मी हरलो असेन, पण तुझं हस्ताक्षर अजून वाचवत नाही."

मास्तरांचे डोळे ओलावले. पराभवातही मूल्यं न सोडणारा असा खलनायक त्यांनी कुठल्या अभिजात नाटकातसुद्धा पाहिला नव्हता. आणि तरी तो ओळखीचा का वाटत होता, हे त्यांना कळेना. थोर साहित्याचं हेच लक्षण, असं त्यांनी वहीत लिहून टाकलं.

शनिवारी सहा वाजता सगळं मसाका रेडिओला कान लावून बसलं होतं. मास्तरांनी आधी दोष सांगितले. उत्तरार्धात इमारती इतक्या पडतात की पहिल्या तीननंतर चौथीबद्दल कुणाला वाईट वाटत नाही. पहिल्या भागात यंत्रज्ञ असलेली नायिका, असं आपल्याला पत्नीकडून समजतं, दुसऱ्या भागात फक्त किंचाळते. आधी मेलेला मित्र कारण न देता जिवंत होतो. शेवट अर्धवट सोडलाय, कारण तिसऱ्या भागासाठी गिऱ्हाईक बांधून ठेवायचंय. आणि पाचवा दोष, खलनायक तीनदा खोकतो. माणूस दोनदा खोकतो. तिसरा खोकला ही अतिशयोक्ती.

मग गुण. राष्ट्रीय पक्ष्याचा गौरव. आईचं पात्र. चपखल संवाद. कथेत घुमणारा शिस्तीचा विचार. आणि सर्वांत मोठा गुण, प्राध्यापक ग्रहण. "असा करारी, विद्वान, आतून हळवा माणूस," मास्तर माइकला म्हणाले, "आपल्या समाजात असता, तर आपण त्याची कदर केली असती का, याचा प्रत्येकाने विचार करावा."

गावभर रेडिओसमोर लोक जमिनीवर लोळत होते, हे स्टुडिओत कळायला मार्ग नव्हता. काचेपलीकडे नामुद्दू मात्र तोंडात रुमाल कोंबून बसली होती. फोनचे दिवे लागलेले होते. पहिला फोन घेतला.

"मास्तर, मी प्रॉस्कोव्हिया. तुमची विद्यार्थिनी. हल्ली कंपालाच्या कॉलेजात शिकवते, आईकडे आलेय." मास्तरांनी खुर्चीतच पाठ ताठ केली. या मुलीला त्यांनी एकदा वीसपैकी अठरा दिले होते, पुढे आठवडाभर त्यांना झोप लागली नव्हती. "मास्तर, मी हा सिनेमा कंपालात पाहिला, मूळ इंग्रजीत. त्यात क्रौंच नाहीये. ते घुबड आहे."

"घुबड?"

"आपल्याकडे घुबड म्हटलं तर लोक उठून जातील, म्हणून बदललं असेल. पण नायकाला आई नाहीये. आणि तो प्राध्यापक अख्ख्या सिनेमात बारा वाक्यं बोलतो. तुम्ही सांगितलेलं त्यातलं एकही नाही. तुम्हीच शिकवलंत ना, मूळ पुस्तक न वाचता उत्तर लिहिणाऱ्याला शून्य?"

मास्तरांनी आवंढा गिळला तो साऱ्या जिल्ह्याने ऐकला.

कार्यक्रम संपल्यावर नामुद्दू काळजीने म्हणाली, "मास्तर, पुढच्या शनिवारी सांगून टाका की व्हीजेने तुम्हाला फसवलं. चूक त्याची. लोकांना पटेल. वेळ तुमची राहील. पण हाजी त्या तुफानला काढून टाकतील, एवढंच."

"मी आधी मूळ पाहीन," मास्तर म्हणाले. "मग काय सांगायचं ते ठरवीन."

सोमवारी सकाळी ते हाजींकडे गेले. "मला सिनेमा व्हीजेशिवाय बघायचाय."

हाजींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "व्हीजेशिवाय? मग बघणार काय?"

"सिनेमा."

"सिनेमा कोण बघतं, सालोंगो?" हाजी मनापासून म्हणाले. "शिवाय गर्दीच्या वेळी तसा लावला तर बाक मोडतील. सकाळी दहाला लावू शकतो. पण सकाळी दहाला, दार लावून, एकटा माणूस आत सिनेमा बघतोय म्हटल्यावर लोक कुठला सिनेमा समजतील? माझा परवाना जाईल, तुमची अब्रू. चेअरमनचं पत्र आणा. शिक्क्यासकट."

गल्लीच्या समितीचे चेअरमन सेग्गुजा यांच्या शिक्क्याशिवाय त्या गल्लीत शाळाप्रवेश, लग्न, दफन आणि भांडण यांपैकी काहीच कायदेशीर होत नसे. चेअरमननी पत्र लगेच लिहिलं. 'सालोंगो झेफानिया लुब्वामा यांचे चारित्र्य आम्हास बऱ्याच वर्षांपासून ठाऊक असून ते आमच्या समक्ष बंद दाराआड जे पाहणार आहेत त्यातील सर्व व्यक्तींनी पूर्ण कपडे, व एकाने पिसेही, घातलेली आहेत.'

"हे शेवटचं गाळलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर महत्त्वाचं आहे, सेबो. बाकी नुसता मजकूर. आता शिक्का." चेअरमननी खण उघडला, बंद केला. "शिक्का बायकोच्या पर्समध्ये असतो. मी हरवतो म्हणून. आणि ती भाचीच्या मागणीला गेलीये, लुकायाला."

मास्तर बोडाच्या मागे बसून लुकायाला गेले. मागणीचा समारंभ ऐन रंगात होता. मुलाकडचे आणि मुलीकडचे समोरासमोर मंडपात, मध्ये भाटांची जुगलबंदी. उशिरा येणाऱ्या टायवाल्या म्हाताऱ्याला मुलाकडच्यांनी आपला समजून पुढे बसवलं. घटकाभराने त्यांच्या हातात एक जिवंत कोंबडा आणि डोक्यावर केळ्यांची टोपली होती, आणि ते गुडघ्यांवर बसून एका अनोळखी तरुणाच्या स्वभावाची हमी देत होते. त्यांनी त्याचे पाच गुण सांगितले. दोष सांगायला तोंड उघडलं, पण मटोकेची आठवण येऊन मिटलं. सगळीकडून वाहवा झाली, लग्न ठरलं, आणि चेअरमनच्या बायकोने खूश होऊन पत्रावर एक सोडून तीन शिक्के मारले.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मूळ सिनेमा लागला. प्रेक्षक चार: मास्तर, नालोंगो (तिने मातृसंघ बुडवला), हाजी, आणि चेअरमन, कारण पत्रात 'समक्ष' हा शब्द होता. विसाव्या मिनिटाला वीज गेली. हाजींचा जनरेटर रात्री दिवे लावून नाकतोडे पकडणाऱ्यांकडे टेकडीवर भाड्याने होता. तो चेअरमनच्या दुसऱ्या पत्रावर परत आला तेव्हा त्याच्या पोटात इतके नाकतोडे होते की सुरू करताच ते शेगडीतल्यासारखे भाजून बाहेर पडू लागले. नालोंगोने पदराखालून मिठाची पुडी काढली.

मास्तरांना त्यांतले दोन-तीनच मिळाले, कारण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं आणि मन खचत होतं. एक तर चौतीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवूनही त्या अमेरिकन लोकांचं इंग्रजी त्यांना निम्मं कळत नव्हतं. दुसरं म्हणजे प्रॉस्कोव्हियाचं सगळं खरं होतं. पक्षी घुबडच होता. आई नव्हती. पाच दोषांपैकी चार जागच्या जागी होते, पाच गुणांपैकी एकही नव्हता. मुखवट्यातून प्राध्यापक ग्रहण काहीतरी गुरगुरला. बटण दाबलं. संपलं.

"इथे तो म्हणतो, 'हात खिशातून काढ,'" नालोंगो सवयीने म्हणाली.

"कुठे म्हणतो? तो तर गप्प आहे."

"तो नाही हो. गाविरा म्हणतो. तुमच्यासारखा." बोलून गेल्यावर तिने तोंडात चार नाकतोडे एकदम टाकले.

पडद्यावर एक इमारत पडली. चेअरमन छताकडे पाहू लागले. हाजी उठून जनरेटरला हात लावून आले.

"माझ्यासारखा म्हणजे?" मास्तरांनी हळू आवाजात विचारलं. "हा तुफान म्हणजे गाविरा ब्बोसा? माझ्या वर्गातला?"

"मसाक्यात हे न कळलेले तुम्ही एकटेच उरला होतात, सालोंगो," नालोंगो म्हणाली.

"केव्हापासून चाललंय हे?"

"सहा वर्षं झाली असतील. जो जो सिनेमा येतो, त्यातला खलनायक तुम्ही."

"प्रत्येक?"

"एका सिनेमात माणूस नव्हता. मगर होती." ती थांबली. "मगरही तुम्हीच."

मास्तरांनी वही मिटली. त्यांना आठवलं, आपण दर वाक्याला मान डोलावली होती. करारी, विद्वान, आतून हळवा. रेडिओवर. जिल्हाभर. बाकावर ते इतके ताठ बसले की चेअरमनना वाटलं यांना काही झालं. आणि त्याच ताठरपणात, केवळ उठून जाणं शोभणार नाही म्हणून बघत राहिल्यामुळे, त्यांना तो प्रसंग दिसला. शक्ती हरवलेला नायक अंधारात आपल्या दुकानात बसलाय. एक म्हातारी मोडकं घड्याळ घेऊन येते. तो नुसत्या बोटांनी चाचपून ते दुरुस्त करतो. कुणी बोलत नाही. चार मिनिटं. टिकटिक सुरू होते तेव्हा म्हातारी त्याच्या हातावर हात ठेवते.

"हा प्रसंग शुक्रवारी कुठे होता?" मास्तरांनी विचारलं.

"इथे काही बोलणं नाही ना," हाजी ओशाळून म्हणाले. "म्हणून इथे तुफान माझ्या पत्र्याच्या दुकानाची जाहिरात करतो."

मास्तरांनी वही उघडली.

गाविरा बाजारामागे रेडिओ दुरुस्त करायचा. दारात मास्तरांची सावली पडताच तो उभा राहिला आणि त्याने हात खिशातून काढले. खरं म्हणजे हात खिशात नव्हतेच. आधी घालून मग काढले.

"तुला इंग्रजी येतं?" मास्तरांनी विचारलं.

"येतं, मास्तर. सिनेमातलं येत नाही."

"मग सांगतोस काय इतक्या लोकांना?"

"त्यांची तोंडं बघतो. आणि अशा वेळी तुम्ही काय म्हणाला असता, ते म्हणतो."

मास्तरांनी ते ऐकून घेतलं. मग जी गोष्ट त्यांना सकाळपासून टोचत होती ती बाहेर आली. "पण खलनायक का, गाविरा? नायक का नाही?"

गाविराला प्रश्नच कळला नाही. "नायक बोलतो कुठे, मास्तर? नायक उडतो. वाक्यं सगळी खलनायकालाच असतात." मग खाली बघून म्हणाला, "हाजी मला काढणार म्हणतात. तुम्ही शनिवारी बोललात की. तुमचं बरोबरच आहे. मला चारच मार्क होते."

"वीसपैकी चार," मास्तर म्हणाले. त्यांना शेरा आठवत होता.

"'कल्पना भरपूर, प्रश्नाशी संबंध नाही,'" गाविरा म्हणाला. म्हणजे त्यालाही आठवत होता.

शनिवारी सहा वाजता मास्तर स्टुडिओत गेले तेव्हा काचेपलीकडे नामुद्दूशेजारी वैद्यबुवा सालीची मोळी घेऊनच बसले होते. मास्तरांनी टाय सारखा केला. गेल्या दोन रात्री त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती: काय वाट्टेल ते होवो, खोकायचं नाही.

"गेल्या शनिवारी मी मूळ न पाहता उत्तर दिलं," ते म्हणाले. "त्याबद्दल मला शून्य. प्रॉस्कोव्हिया, नोंद घे. आता मूळ सिनेमा. दोष पूर्वीचे चारही कायम. गुण एक. घड्याळाचा प्रसंग. त्या चार मिनिटांत न उडणारा नायक मला जितका शूर वाटला, तितका उडणारा वाटला नाही. बाकी सिनेमा त्या चार मिनिटांना घाबरून पळत असतो. मार्क सहा."

काचेपलीकडे फोनचा एकही दिवा लागलेला नव्हता. वैद्यबुवांनी मोळीची गाठ सोडली.

"आता व्हीजेचा सिनेमा. कारण मसाक्याने पाहिला तो हा. दोष पहिला, घड्याळाच्या प्रसंगावर पत्र्याची जाहिरात. हाजी, ती चार मिनिटं गावाला परत द्या. तिथे तुफानने गप्प बसावं. गप्प बसणं हेसुद्धा निवेदनच आहे. दोष दुसरा, घुबडाला क्रौंच म्हणणं, पण आपल्या आयाबहिणी हॉलमध्ये बसून राहाव्यात म्हणून तो माफ. गुण पहिला, आई. मूळ लेखकाला सुचली नाही ती आई गाविरा ब्बोसाला सुचली. गुण दुसरा, प्राध्यापक ग्रहण."

मास्तर थांबले. शिंपिणीचं मशीन थांबलं. बोडावाल्याने गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं.

"तो प्राध्यापक मी आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला परवा कळलं. मी त्याला करारी आणि विद्वान म्हणालो होतो. मी पुन्हा तपासून पाहिलं. मला दुरुस्तीची गरज वाटत नाही. वर्गात चौतीस वर्षं बोललो तेव्हा वाटायचं, भिंतीला सांगतोय. एकाने सगळं लिहून घेतलं होतं, फक्त उत्तरपत्रिकेत नाही. शाळेत मी त्याला चार दिले होते. आज ते रद्द. गाविरा ब्बोसा, वीसपैकी तेरा. याहून जास्त नाहीत, कारण एक वस्तुनिष्ठ चूक राहते. मी दोनदा खोकतो. तीनदा नाही. आयुष्यात कधी तीनदा खोकलो नाही."

आणि इथेच घात झाला. दोन दिवस दाबलेला खोकला, नाव निघताच, घशात येऊन उभा राहिला. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि तो आला. एक. सावरेपर्यंत दुसरा.

मसाक्यात त्या क्षणी कुणी श्वास घेत नव्हतं.

मास्तरांनी ओठ आवळले. मान हलवून नामुद्दूला निरोप दिला, माइक बंद केला आणि उठले. काचेपलीकडे फोनचे सगळे दिवे एकदम पेटले होते. नामुद्दू हातवारे करून पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा, असं काहीतरी सांगत होती, वैद्यबुवा मोळी पुन्हा बांधत होते. मास्तरांनी नुसती मान डोलावली. तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. जिना उतरले. बाजारातून चालू लागले. दोन्ही बाजूंना लोक दुकानांतून बाहेर येऊन उभे होते, गप्प, अंत्ययात्रेला असतात तसे. केळीवाल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. हॉलच्या दारात गाविरा उभा होता, हात खिशाबाहेर. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी तरळलं, आणि ते भावनेचं होतं की खोकल्याचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. चेहरा जांभळा झाला होता. पण चाल तीच, पाठ ताठ, कोटाची तिन्ही बटणं लावलेली. कोपरा आला. बोडावाला आपणहून बाजूला झाला. घर आलं. नालोंगोने दार उघडूनच ठेवलं होतं.

आत आले. दार लावलं. कडी घातली. खिडकी लावली. मग रुमाल तोंडावर घट्ट धरून, घराच्या अगदी मधोमध, भिंतींपासून शक्य तितकं लांब उभं राहून, ते खोकले.

बाहेर भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"अतिशयोक्ती नव्हती म्हणायची," नालोंगो म्हणाली आणि पान उलगडून तिने मटोके वाढलं.

मास्तरांनी कोट काढला, वही मागितली आणि तेराचे चौदा केले.